प्लॉट नंबर

मे महिन्यात दुपारी तीनला
गणेशपेठेत कुत्रंही रस्ता ओलांडत नाही,
तेव्हा ती आली. दालांदा.
फार्मसीचं दुसरं वर्ष, गाव लाबे, देश गिनी.
पेन ड्राइव्ह पुढे केला : दोन पानं, काळी-पांढरी.

फाइल उघडली तर चौकोनच चौकोन,
ओळीनं, रिकामे,
बेसा रोडच्या ले-आउटात चुन्यानं आखून ठेवलेत तसे.
"व्हायरस असंन," मी म्हटलं.
"आई का खत है," ती म्हणाली.

मग कूलरसमोर बसून तिनं सांगितलं :
आई शाळेत गेली नव्हती.
बाजारात कापड विकता विकता शिकली ही लिपी,
आदलाम, उजवीकडून डावीकडे,
आणि ही लिपी आईपेक्षा वयानं लहान आहे.
मी हसलो. लिपी म्हणजे आपल्याला वाटते
डोंगरासारखी, आधीपासूनची.

बिलबुकाच्या पाठीवर तिनं एक अक्षर काढलं
आणि उच्चारून दाखवलं.
ब नाही. भ तर नाहीच.
ओठ मिटून श्वास आत ओढायचा, मग सोडायचा,
विहिरीत बादली बुडताना येतो तसा आवाज.
काळजाला त्यांच्यात जो शब्द आहे
तो ह्याच अक्षरानं सुरू होतो.

आधी म्हणे ही अक्षरं अरबीच्या जागेत राहायची.
समोरच्याकडे फॉन्ट असला तर आईचं पत्र,
नसला तर भलतंच काहीतरी.
हे मला कोणी समजवायची गरज नव्हती.
नरसाळ्यात आमचं घर होतं, नळ होता,
लाइट बिल माझ्या नावावर यायचं,
कागदावर मात्र शेत.
आरएल मिळायला एकोणीस वर्षं लागली.
त्या दिवशी बायकोनं पाटीवर प्लॉट नंबर रंगवून घेतला,
घराच्या नावाआधी.

ह्या अक्षरालाही नंबर आहे आता :
एक, ई, नऊ, शून्य, सात.
जगातल्या कुठल्याही यंत्रात तेवढी जागा त्याची.
दुसरं कोणी तिथं पाल ठोकू शकत नाही.

माझ्या विंडोजला मात्र ह्याचा पत्ता नव्हता.
तिला काय हसणार?
ह्याच खुर्चीवर बसून मी शेकडो पत्रिका केल्या
'वर्हाड' छापून, कारण 'वऱ्हाड' जुळत नव्हतं.
अर्धा र वर उडायचा, ह खाली एकटा.
वऱ्हाडातल्या माणसाला वऱ्हाड लिहिता येईना!
पाहुणे आले, जेवले,
कोणी काही बोललं नाही.

बाबा महालातल्या छापखान्यात जुळारी होते.
एखाद्या अक्षराचे खिळे संपले
की दुसराच खिळा उलटा, पाय वर करून लावायचे.
प्रुफावर काळा ठसा उमटायचा.
मी लहान होतो. विचारलं, "हे काय लिहिलं?"
"काही नाही लिहिलं बाप्पा.
इथं कोणीतरी यायचं हाये,
त्याची जागा धरून ठेवली."

भाच्याचा नवा लॅपटॉप मागवला.
फाइल उघडली, आणि पान भरलं.
ती उजवीकडून वाचायला लागली, ओठांतल्या ओठांत.
मी कूलरची मोटर तपासायला उठलो
आणि बराच वेळ तपासत राहिलो.

निघताना म्हणाली, "आपका नाम लिखूँ?"
मी सांगितलं, नीळकंठ.
नी झाला. मग थांबली.
"फिर से?"
ळ, ळ. जीभ मागे वळवून दाखवली.
तिनं तीनदा प्रयत्न केला, तीनदा हसली,
मग तेवढ्या जागी एक लहानसा चौकोन काढला
आणि पुढचं लिहिलं.

दोन पानांचे चार रुपये झाले.
तिच्याकडे पन्नासची नोट, माझ्याकडे सुटे नाहीत.
"राहू दे, मंग दे," मी म्हटलं.

शटर अर्धं ओढून बसलो.
ओठ मिटले, श्वास आत घेतला.
ब झाला.